खुर्ची वळली नव्हती

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, लंडनच्या वेळेनुसार सकाळी सात चाळीसला एका जर्मन रेडिओ केंद्रावरून आदल्या संध्याकाळी झालेल्या नाटकाचे परीक्षण थेट प्रसारित झाले. ते साडेचार मिनिटांचे होते. त्यातले सुमारे चाळीस सेकंद शेवटच्या दृश्याच्या वर्णनाला दिलेले होते. म्हातारा बाप मुलीची रिकामी खुर्ची ओढत आणतो, तिचे तोंड भिंतीकडे करतो आणि दिवे मंदावतात, असे समीक्षकाने सांगितले. त्या संध्याकाळी रंगमंचावर खुर्ची वळवली गेली नव्हती. शेवटच्या दृश्यात खुर्चीच नव्हती.

वर्णन माझ्या टिपणांतून घेतलेले होते.

समीक्षक म्हणजे एक जर्मन बाई. त्या वेळी त्यांचे वय एकाहत्तर होते आणि लंडनच्या नाटकांविषयी त्या एकाच केंद्रावर एकेचाळीस वर्षे बोलत होत्या. लंडनच्या कडेला, स्टॅनमोरमध्ये, आमच्या घरापासून दोन रस्ते सोडून त्यांचे घर आहे. ओळख बसस्टॉपवर झाली. येणारी बस कोणत्या नंबरची, हे त्यांनी तिथल्या एका मुलीला विचारले. मुलीच्या कानात इअरफोन होते. बस निघून गेली. बाई जर्मनमध्ये एक शिवी पुटपुटल्या. मी जर्मनमध्ये सांगितले की पुढची बस नऊ मिनिटांनी आहे.

त्यांनी मान माझ्याकडे वळवली, पण नजर माझ्या खांद्याच्या थोडी पलीकडे ठेवली.

"हा उच्चार कुठला?"

"पुण्याचा."

"म्हणजे पाठ्यपुस्तकाचा. चालेल. शिवी कळली का?"

"कळली. आम्हाला ती शिकवली नव्हती."

माझ्या पिढीत पुण्यात जर्मन शिकणे विशेष नव्हते. वर्गातल्या निम्म्यांना इंजिनिअर होऊन तिकडे जायचे होते, उरलेल्यांना भाषांतराची कामे मिळतील असे वाटत होते. मी दोन्ही केले नाही. एका मराठी दैनिकात नऊ वर्षे उपसंपादक होते. नवऱ्याला ब्रॅकनेलच्या एका टेक्नॉलॉजी कंपनीत नोकरी मिळाली, म्हणून इंग्लंडला आले. वर्गातल्या शिक्षिकांना आम्ही 'बाई' म्हणायचो. मनातल्या मनात यांनाही मी बाईच म्हणू लागले. त्या मला आडनावाने आणि आदरार्थी हाक मारत. ते शेवटपर्यंत बदलले नाही.

बाईंचा जन्म उत्तर जर्मनीतल्या एका बंदराच्या गावचा. त्यांची आई तिथल्या नगरपालिकेच्या नाट्यगृहात प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीखाली एक खोके असे, त्यात बसून ती नटांना विसरलेली वाक्ये पुरवत असे. घरी सांभाळायला कोणी नव्हते, म्हणून मुलगी त्याच खोक्यात आईच्या पायाशी बसे. त्यामुळे वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत त्यांनी नाटक पाहिले ते फक्त बुटांच्या उंचीवरून. नट कोण आहे हे त्या पावलांवरून आणि आवाजावरून ओळखत. सव्विसाव्या वर्षी एका वर्षासाठी म्हणून त्या लंडनला आल्या. केंद्राच्या इथल्या कार्यालयात टायपिस्टचे काम मिळाले. तिसाव्या वर्षी गुरुवारची सकाळची वेळ त्यांच्याकडे आली. ती कशी आली हे त्यांनी मला फार उशिरा सांगितले.

परीक्षणाची पद्धत ठरलेली होती. लिहिलेले वाचायचे नाही. जर्मनीतल्या स्टुडिओतला निवेदक प्रश्न विचारतो, समीक्षक उत्तर देतो. प्रश्न आधी कळवले जात नाहीत. बाई हे सगळे घरूनच करत. जिन्याखालच्या कोटांच्या कपाटात माईक लावलेला होता, कारण कोटांमुळे आवाज घुमत नाही. सात पस्तीसला त्या कपाटात जाऊन दार ओढून घेत.

आमची ओळख झाली तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत आला होता. कडेचे दिसे, समोरचे दिसत नसे. "तुमचे कान मला छान दिसतात," त्या म्हणाल्या होत्या, "मध्ये चेहरा असावा असा माझा अंदाज आहे." हॉस्पिटलने सांगितले होते की या प्रकारावर उपचार नाही. हे त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक होते आणि नंतर मला. केंद्राला त्यांनी कळवले नव्हते.

समीक्षकाला पहिल्या अधिकृत प्रयोगाची दोन तिकिटे मिळतात. दुसऱ्या तिकिटावर मी जाऊ लागले. नाटक चालू असताना कुजबुजता येत नाही, म्हणून खुणा ठरवल्या. बाईंच्या डाव्या मनगटावर बोटाचा एक ठोका म्हणजे कोणीतरी आत आले. दोन म्हणजे कोणी गेले. तळहातावर सरळ रेघ म्हणजे प्रकाश बदलला. मुठीवर हात ठेवला की मारहाण किंवा मृत्यू. परतीच्या भुयारी रेल्वेत, डबा रिकामा असेल तर, त्या प्रश्न विचारत. उत्तराचाही नियम होता.

"मुलगी दुःखी दिसत होती," मी एकदा म्हणाले.

"दुःखी तुम्ही ठरवलंत. तिने केलं काय?"

"खाली बसली. दोन बोटं कपाळाला लावली."

"कोणती दोन?"

"पहिली दोन."

"आता बोललात. विशेषणं मी घालीन. तुम्ही फक्त काय झालं ते द्या."

वर्तमानपत्राच्या टेबलावर आम्हाला हेच शिकवले होते. म्हणून हे काम जमेल असे मला वाटले.

भीतीची सुरुवात पहिल्या हिवाळ्यात झाली. एका मध्यंतरात एक ओळखीचे समीक्षक बाईंसमोर आले आणि त्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. बाई त्यांच्या आवाजाच्या दिशेने हसत राहिल्या. हात हवेत राहिला. मी मोठ्याने "गुड ईव्हनिंग" म्हणून स्वतःचा हात पुढे केला. त्या गृहस्थांनी हात मिळवला, मग माझ्याकडे पाहिले, मग बाईंकडे. घंटा वाजली. त्या दिवसापासून मी प्रत्येक मध्यंतरात बाईंच्या उजव्या बाजूला, अर्धे पाऊल पुढे उभी राहू लागले. पायऱ्यांची कड, उघडे दार, कोणाच्या हातातला वाइनचा ग्लास, मी यांची मोजदाद करत असे. नाटक सुरू झाले की मगच बसता येई.

एका गुरुवारी निवेदकाने अचानक विचारले की राणीचा पोशाख कोणत्या रंगाचा होता. स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता, मी तिथे बसले होते. रंग मी सांगितलेला नव्हता, त्यांनी विचारलेला नव्हता. रेडिओवर एक सेकंद काहीच आले नाही. रेडिओवर एक सेकंद फार असतो.

"ज्या रंगाकडे बघून नवरा जेवण सोडून उठतो, तो," बाई म्हणाल्या.

निवेदक हसला. बाई कपाटातून बाहेर आल्या तेव्हा एका कोटाची बाही त्यांच्या मुठीत होती. ती त्यांनी हँगरवरून ओढून काढली होती.

नवरा म्हणे, "अगं, तू तिची असिस्टंट आहेस की अलिबाय?"

मी हे काम तेव्हा सोडायला हवे होते का, यावर नंतर पुष्कळ बोलणे झाले. मी सोडले नाही. त्याची कारणे सांगता येतील, पण त्यातले एकही त्या वेळी लिहून ठेवलेले नाही.

पुण्यातली एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. आमच्या दैनिकाच्या एका बातमीदाराने एका पुढाऱ्याच्या भाषणाची बातमी, आधी वाटलेल्या छापील प्रतीवरून, संध्याकाळीच लिहून दिली. सभा आयत्या वेळी रद्द झाली होती. सकाळच्या अंकात भाषण आले, टाळ्यांसकट. बातमी मी तपासून पुढे पाठवली होती. दुसऱ्या दिवशीचा दोन ओळींचा खुलासाही मीच लिहिला. बातमीदाराला काढले. मला काढले नाही.

त्या फेब्रुवारीतले नाटक एका लहान नाट्यगृहात होते, पबच्या वरच्या मजल्यावर. साठ-सत्तर खुर्च्या. जागा नसल्याने समीक्षकांना एकच तिकीट मिळेल, असे त्यांनी कळवले. बाईंनी ईमेल मला वाचायला लावला.

"या वेळी आजारी पडते," त्या म्हणाल्या.

"गेल्या महिन्यात एकदा पडलात."

"मग या वेळी मरते. मेल्यावर कोणी डॉक्टरचा कागद मागत नाही."

त्यावर योजना मी सुचवली. इथे नाटक समीक्षकांना दाखवण्याआधी आठवडाभर त्याचे प्रिव्ह्यू होतात. प्रेक्षक तिकीट काढून येतात, दिग्दर्शक रोज काहीतरी दुरुस्त करतो. समीक्षकाने प्रिव्ह्यूला जायचे नाही आणि त्यावर बोलायचे नाही, असा संकेत आहे. मी म्हणाले की शनिवारच्या दुपारच्या प्रिव्ह्यूला आपण साध्या प्रेक्षक म्हणून जाऊ. मी सगळे टिपून घेईन. बुधवारी तुम्ही एकट्या जा आणि फक्त ऐका. दिसणारे सगळे तुमच्याजवळ आधीच असेल.

"हे वाईट आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "तिकिटं कोणाच्या नावावर काढणार?"

"माझ्या."

शनिवारी आम्ही मागच्या रांगेत बसलो. बाईंनी टोपी घातली होती. मी अकरा पाने टिपणे काढली. शेवटच्या दृश्यात संवाद नाही. मुलगी घर सोडून गेलेली आहे. बाप तिची खुर्ची फरशीवरून ओढत आणतो, लाकडाचा लांब आवाज होतो, तो खुर्चीचे तोंड भिंतीकडे करतो, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतो. अंधार. मी हे सगळे तसेच लिहिले. रविवारी आणि मंगळवारी अकरा पाने तीनदा वाचून दाखवली. बाईंनी ती प्रवेशांच्या क्रमाने पाठ केली. कुठे शंका आली की त्या मला थांबवत: तो कोणत्या हाताने ओढतो? खुर्चीला हात आहेत का? दार कोणत्या बाजूला?

बुधवारी त्या टॅक्सीने एकट्या गेल्या. त्या संध्याकाळी मी घरी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले. नवरा म्हणाला, "आता तुझ्या हातात काय आहे? रिलॅक्स." नाटक सुटल्यावर फोनवर बाईंचा आवाजी निरोप आला. नाटकाबद्दल प्रसारणाआधी बोलायचे नाही हा नियम त्या कधी मोडत नसत. त्या दिवशी अर्धवट मोडला. निरोप असा होता: "पोचले. जिन्यावर पडले नाही. शेवटी खुर्चीचा आवाज आला, तुम्ही म्हणालात तसाच."

गुरुवारी सातला मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. परीक्षण चांगले झाले. बाईंनी सगळा युक्तिवाद खुर्चीवर आणून ठेवला. नाटक क्षमेबद्दल आहे असे वाटत राहते, त्या म्हणाल्या, पण जो माणूस रिकाम्या खुर्चीलाही पाठ करायला लावतो त्याने क्षमा न करण्याचे आधीच ठरवलेले असते. दिग्दर्शकाने शेवटच्या मिनिटात नाटकाचा अर्थ उलटा केला आहे. निवेदकाने आभार मानले. बाईंनी दोन टोस्ट खाल्ले आणि काल हॉलमध्ये एक जर्मन बातमीदारही होता, असे सांगितले. सव्वाआठला मी घरी परतले.

नऊ वीसला मी फोनवर एका इंग्रजी दैनिकाचे परीक्षण उघडले. सहाव्या परिच्छेदात लिहिले होते की शेवटी बाप वर्षानुवर्षे घट्ट बसलेली लाकडी खिडकी जोर लावून वर सरकवतो आणि तिच्यापाशी वाट बघत उभा राहतो. खुर्चीचा उल्लेख नव्हता. मी ते चार वेळा वाचले. दुसऱ्या दैनिकाचे परीक्षण उघडले. त्यातही खिडकी होती.

मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले. मग सवयीने, दोन सूत्रांनंतर तिसरे शोधले. नाट्यगृहाचा नंबर लावला. एका बाईने उचलला, मागे व्हॅक्यूम क्लीनर चालू होता. मी म्हणाले की मी शनिवारी नाटक पाहिले होते, शेवटची खुर्ची मला आवडली, मैत्रिणीला सांगितले तर ती म्हणते खुर्ची नाहीच.

"खुर्ची? ती मंगळवारी दुपारी काढली, लव्ह. रोज कोणाच्या तरी पायाच्या बोटावर यायची. आता खिडकी आहे. खिडकी जास्त छान आहे, रडू येतं. परत येणार का बघायला?"

मी नवऱ्याला फोन लावला. तो ऑफिसात होता.

"मीटिंगमध्ये आहे, पटकन बोल."

मी सांगितले.

"एक खुर्ची तर आहे, अगं."

"सगळं परीक्षण त्या खुर्चीवर आहे. अर्थ उलटा झालाय."

"जर्मनीत ऐकलं कोणी? इथे नाटक बघितलं कोणी? दोन्ही करणारा माणूस किती असणार?"

"काल हॉलमध्ये एक जर्मन बातमीदार होता. त्याचं उद्या छापून येईल."

"तुझं नाव आहे कुठे?"

"नाही. कागद माझ्या अक्षरात आहेत."

"मग फाड ना. आणि घरी बस. हे तिचं काम आहे, तुझं नाही. ऐकतेयस ना?"

मी ऐकत होते. अकराला मी बाईंच्या दारात होते.

त्या कॉफी ओतत होत्या. कप किती भरला हे कळावे म्हणून त्यांचे एक बोट कपाच्या आत कडेला होते. मी उभ्यानेच सांगितले. त्यांनी ओतणे थांबवले नाही. कॉफी बोटाला लागली, मग थांबल्या.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मी इंग्रजी परिच्छेद वाचला.

"परत वाचा. तो खिडकीला काय करतो?"

"वर सरकवतो."

"लाकडाचा आवाज आला होता. लांब."

"खिडकीचा असणार."

"मंगळवारी मी त्या आवाजाची वाट बघायला शिकले. बुधवारी तो आला." त्यांनी बोट पुसले. "मी काहीच ऐकलं नाही. तुमचा कागद ऐकला."

संध्याकाळी पाचला, म्हणजे जर्मनीत सहाला, सकाळचे परीक्षण पुन्हा लागायचे होते. त्या प्रसारणाला श्रोते जास्त असतात. हातात सहा तास होते. केंद्राला चूक कळवायची तर ती कशी झाली हे सांगावे लागणार. कशी झाली हे सांगायचे तर डोळ्यांचे सांगावे लागणार आणि डोळ्यांचे सांगितले की गुरुवारची वेळ जाणार. हे दोघींना स्वच्छ दिसत होते, त्यामुळे त्यावर बोलणे झाले नाही. बोलणे दुसऱ्याच गोष्टींवर झाले.

"प्रयोग रोज बदलतात," बाई म्हणाल्या. "मी काल पाहिलं ते सांगितलं, इतकंच म्हणेन. दिग्दर्शकच गोंधळले असतील."

"काल तुम्ही पाहिलेलं नाही."

हे वाक्य आमच्यात आधी कधी आले नव्हते. बाईंनी मान थोडी तिरकी केली. कडेने बघायचे असले की त्या तसे करत.

"तुमच्या वर्तमानपत्रात तुम्हाला ठेवलं होतं ते याच वाक्यासाठी ना? लोकांना सांगायला की त्यांनी काय पाहिलं नाही?"

"हो."

"आणि प्रिव्ह्यूची युक्ती कोणाची होती? तीही तिथेच शिकवली?"

"माझी होती. तिथे ती चालत नाही."

साडेबाराला फोन वाजला. बाईंनी उचलला नाही. निरोप घेणारे मशीन स्पीकरवर होते. नाट्यगृहाची प्रसिद्धी बघणारी तरुण बाई उत्साहाने बोलत होती. सकाळच्या परीक्षणाचा कच्चा तर्जुमा मिळाला, सगळे खूश आहेत, फक्त एक छोटीशी गोष्ट, खुर्चीचं नीट कळलं नाही, जमेल तेव्हा फोन कराल का? बीप झाला. बाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या.

"तो जर्मन माझ्या मागे बसला होता," त्या म्हणाल्या. "खोकला ओळखला मी. तीस वर्षं तो माझ्या एका चुकीची वाट बघतोय."

"त्याने केंद्र ऐकलं असेल असं नाही."

"मी ऐकलं असतं."

मग त्यांनी त्यांच्या आधीच्या समीक्षकाची हकिकत सांगितली. तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या. एका संध्याकाळी त्या स्वतःचे तिकीट काढून नाटकाला गेल्या होत्या. केंद्राचे समीक्षक, वयस्कर गृहस्थ, पुढच्या रांगेत होते. पहिला अंक संपायच्या थोडे आधी ते उठून गेले. मध्यंतरात नाट्यगृहाची वीज गेली आणि प्रेक्षकांना घरी पाठवण्यात आले. दुसरा अंक झालाच नाही. सकाळी रेडिओवर त्या गृहस्थांनी दुसऱ्या अंकाचे वर्णन केले.

"मी आधी त्यांनाच फोन केला," बाई म्हणाल्या. "ते म्हणाले, माझी बायको आजारी आहे, मला घरी जावं लागलं. दुपारपर्यंत थांबा, मी स्वतः सांगतो. मी हो म्हणाले."

"मग?"

"फोन ठेवला आणि लगेच संपादकांना लावला. पुढच्या गुरुवारी त्या कपाटात मी होते."

त्यांनी जिन्याकडे बोट दाखवले. मग विचारले, किती वाजले. एक वाजून गेला होता.

त्यानंतरचे दोन तास नोंदवण्यासारखे थोडे आहे. बाई वर जाऊन पडल्या. मी खाली बसून होते. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा मशीनवर कोणी बोलले नाही. दोन्ही वेळा मी उभी राहिले. अकरा पाने माझ्या पिशवीत होती. मी ती फाडली नाही, पण एकदा बाहेर काढली.

तीनला बाई खाली आल्या. त्यांनी केस विंचरले होते आणि प्रसारणाच्या दिवशी घालतात तो काळा स्वेटर घातला होता.

"नंबर लावून द्या. माझ्या बोटाने आज चुकीचा लागेल."

तीन दहाला मी नंबर लावला. संपादकांनी स्वतः उचलला. बाई उभ्यानेच बोलल्या.

"सकाळच्या परीक्षणातला शेवट चुकीचा आहे. खुर्ची नव्हती, खिडकी होती. तो ती उघडतो. माझं सगळं म्हणणं त्यामुळे खोटं ठरतं. पाचला ते लावू नका."

संपादक काही बोलले. ते मला ऐकू आले नाही.

"मी ते पाहिलं नाही," बाई म्हणाल्या. "गेले चौदा महिने मी कोणताच शेवट पाहिलेला नाही. मला समोरचं दिसत नाही."

पलीकडून एक प्रश्न आला. त्याचे उत्तर देताना बाईंचा चेहरा माझ्या दिशेने होता.

"नाही. काल मी एकटी होते."

हे विधान खरे होते. मी ते दुरुस्त केले नाही.

संपादक म्हणाले की ते परत फोन करतील. बाईंनी रिसीव्हर ठेवायला दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तो जागेवर बसला.

पाचला सकाळचे परीक्षण लागले नाही. त्याऐवजी निवेदकाने एक वाक्य वाचले: सकाळी लंडनच्या नाटकाच्या अखेरच्या दृश्याचे केलेले वर्णन चुकीचे होते, त्याबद्दल केंद्र दिलगीर आहे. त्यानंतर पियानो लागला. बाईंनी रेडिओ बंद केला आणि मला घरी जायला सांगितले.

शुक्रवारी त्या जर्मन बातमीदाराचा लेख छापून आला. त्यात खिडकी होती. बाईंचा किंवा रेडिओ परीक्षणाचा उल्लेख नव्हता. प्रसिद्धीच्या तरुण बाईला मी फोन केला. बाईंचे वर्णन चुकले होते आणि केंद्राने तसे सांगितले आहे, इतके कळवले. ती म्हणाली, "ओह, बिचाऱ्या. पण प्रिव्ह्यूला खुर्ची होती, हे त्यांना कसं ठाऊक?" मी म्हणाले की मला सांगता येणार नाही.

त्याच दिवशी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी संपादकांचा फोन आला. बाईंनी मला बाहेर थांबायला सांगितले. मी बागेत कचऱ्याच्या डब्यांजवळ उभी होते. बोलणे सहा मिनिटे चालले. काय झाले ते बाईंनी सांगितले नाही, मी विचारले नाही. नवऱ्याने रात्री विचारले, "तुझं नाव निघालं?" मी नाही म्हणाले.

सोमवारी दुपारी केंद्राचा ईमेल आला. बाईंनी मला बोलावून घेतले. त्यात चार वाक्ये होती. पहिल्या दोन वाक्यांत एकेचाळीस वर्षांबद्दल आभार होते. तिसऱ्यात होते की मार्चपासून लंडनची परीक्षणे दुसरा समीक्षक करील. चौथ्यात माईक परत कोणत्या पत्त्यावर पाठवायचा ते होते. डोळ्यांचा उल्लेख नव्हता. बाईंनी ईमेल पुन्हा वाचायला सांगितला. मी पुन्हा वाचला.